कोचीला पुन्हा जाताना

कोचीला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी माहिती हवी तेवढी मिळते. मी हे लिहितेय ते एकदा जाऊन आलेल्यांसाठी. ज्यांच्या घरी अजूनही जेवताना अधूनमधून कोचीचा विषय निघतो आणि आता सगळ्यांना घेऊन परत जावंसं वाटतंय, त्यांच्यासाठी. आमचं घर त्यातलंच. आम्ही राहतो नेरूळला, माझं माहेर ठाण्याचं, सासर दापोलीकडचं. केरळशी नातं म्हणाल तर शेजारच्या मल्याळी चेचीकडून, म्हणजे ताईकडून, ओणमला येणारं पायसम, एवढंच. पण मुलं लहान असताना एका सुट्टीत फोर्ट कोचीत, म्हणजे कोचीच्या जुन्या, समुद्राकाठच्या भागात, राहून आलो आणि त्या गावाने घरातल्या सगळ्यांनाच लळा लावला. आता मुलगा कॉलेजात आहे, मुलीची दहावी झाली, सासूबाईंचे गुडघे बोलायला लागलेत. त्यामुळे परत जाताना सगळं नव्याने ठरवावं लागलं. ते कसं ठरवलं, ते सांगते.

पहिलं काम घरी बसून करायचं, तिकिटांच्याही आधी. एका रात्री जेवणं झाली की सगळ्यांना एकत्र बसवा आणि प्रत्येकाला विचारा, तिथली कुठली एक गोष्ट तुला परत हवी? एकच सांगायची. आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या, त्या चर्चमधले दोरीने ओढायचे पंखे. मुलगा म्हणाला, मासे पकडायची चिनी जाळी. मुलीला बोट हवी होती, कुठलीही, पण बोट. नवऱ्याने करीमीन मासा सांगितला. मी फोर्ट कोचीशेजारच्या मट्टनचेरीतल्या सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या, निळ्या फरश्या. झाली जुन्याची यादी. बाकी सगळा वेळ नव्याला, नाहीतर नुसतं बसायला मोकळा ठेवायचा.

एवढी शिस्त का, तर परत गेलेलं कुटुंब मागचीच सहल जशीच्या तशी पुन्हा करायला बघतं. तेच हॉटेल, तीच खानावळ, त्याच कोपऱ्यावर तोच फोटो. मधल्या काळात मुलं मोठी झालेली असतात, मोठी माणसं दमायला लागलेली असतात. मग निम्मा दिवस ‘मागच्या वेळी इथे ते होतं’ यात जातो. माणशी एक गोष्ट ठरली की ती मनापासून करता येते आणि कुणाचंच राहून गेलं असं होत नाही. आणखी एक, जुने फोटो निघण्याआधी काढू नका. परत आल्यावर काढा, नव्यांच्या शेजारी ठेवून बघा. त्यात जास्त मजा आहे.

कधी जायचं?

शाळेच्या सुट्ट्यांप्रमाणे आपल्यापुढे तीनच पर्याय उरतात. मे महिन्यात कोची घामाने भिजवते; नवी मुंबईच्या दमटपणाची सवय असली तरी तिथलं ऊन अंगावर येतं, आणि दुपारनंतर वळवाच्या सरी गाठतात. मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनला पोचतो, म्हणजे आपल्याकडच्या दहाएक दिवस आधी, त्यामुळे मेचा शेवटचा आठवडा धरूच नका. दिवाळीच्या सुट्टीत परतीचा पाऊस असतो. तिकडे त्याला तुलावर्षम म्हणतात. सकाळ लख्ख, संध्याकाळी विजांसकट धो धो. हा पर्याय मला आवडतो, कारण हवा धुतलेली असते आणि गर्दी बेताची. फक्त बाहेरची कामं दुपारी तीनच्या आत उरकायची आणि संध्याकाळ छपराखाली ठेवायची.

डिसेंबरची हवा सगळ्यात छान, त्यात शंका नाही. पण नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात फोर्ट कोचीत कार्निव्हल असतो आणि ३१ डिसेंबरच्या रात्री पप्पांजी नावाचा म्हाताऱ्याचा भलामोठा पुतळा जाळतात. ते बघायला सगळं शहर त्या चिंचोळ्या गल्ल्यांत उतरतं. कॉलेजातल्या मुलांना ते हवं असतं, गुडघे दुखणाऱ्या आजीला नको असतं. आम्ही नाताळच्या आधीचे दिवस निवडले. घरांवर कागदी चांदण्या लागलेल्या असतात, बेकऱ्यांतून प्लम केकचा वास येत असतो आणि रस्त्यावर चालायला जागा असते. कोची-मुझिरिस बिनाले हे मोठं कलाप्रदर्शन २०१२ पासून भरतंय. ते ज्या हंगामात असतं तेव्हा जुनी गोदामं आतून बघायला मिळतात. तुमच्या तारखांना ते आहे का, हे आधी बघून ठेवा.

गाडी

विमानाने दोन तासांत पोचता येतं आणि ज्यांची रजा तुटपुंजी आहे त्यांनी तेच करावं. तरी एक बाजू रेल्वेने कराच, असं मी आग्रहाने सांगेन. नेत्रावती एक्सप्रेस कुर्ल्याच्या टर्मिनसवरून सुटते, ठाणे आणि पनवेल दोन्हीकडे थांबते. दुपारी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलम जंक्शन. दिल्लीहून येणारी मंगला एक्सप्रेसही पनवेलला थांबते. आता आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, सुट्टीच्या गाड्या पहिल्या तासाभरात भरतात. तेव्हा तारीख पाठ करून सकाळी आठला फोन घेऊन बसायचं. घरातलं ज्येष्ठ माणूस आणि ४५ च्या पुढच्या बाईला खालचा बर्थ मिळण्याची शक्यता जास्त असते, म्हणून सासू-सुनेचं तिकीट एकत्र आणि बाकीच्यांचं वेगळं काढलं तरी चालेल. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात. जून ते ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर वेळा परत तपासा.

या गाडीचं सुख असं की उजेडात कोकण मिळतं. चिपळूण, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, मग रत्नागिरी. रात्रीत गोवा आणि कारवार जातं आणि डोळे उघडतात ते कण्णूरच्या आसपास, नारळांच्या गर्दीत. सासूबाई खिडकीशी बसून ‘हे तर आपल्याकडचंच’ म्हणत होत्या आणि मध्येच एखादी नदी इतकी रुंद येई की त्या गप्प होत. सकाळी डब्यात पळमपोरी विकायला येतो. पिकलेल्या केळ्याची भजी, गरम असताना घ्या, पहिल्याच फेरीला.

स्टेशनवर उतरल्यावर मात्र सामान आणि मोठी माणसं सरळ टॅक्सीत बसवा. रस्त्याने, पूल ओलांडत, बारा-तेरा किलोमीटर आहे. मुलांना हवं तर रिक्षाने धक्क्यावर आणि तिथून बोटीने येऊ द्या. आमच्याकडची दोघं अशीच आली आणि त्या दिवशी त्यांना गाव आपलं वाटलं, कारण त्यांनी ते स्वतः शोधलं होतं.

राहायचं पाण्याच्या पलीकडे

एर्नाकुलममध्ये, म्हणजे मुख्य भूमीवरच्या नव्या शहरात, हॉटेलं भरपूर आहेत, स्टेशन जवळ, मेट्रो जवळ. तरीही परत जाणाऱ्याने फोर्ट कोचीतच राहावं. कारण साधं आहे. तिथल्या सगळ्यात चांगल्या दोन वेळा म्हणजे सकाळी सहा ते आठ आणि रात्री जेवणानंतरची शतपावली. एर्नाकुलमला राहिलात तर या दोन्ही हुकतात. जुन्या घरांतले होमस्टे आहेत. केरळ पर्यटन खातं त्यांना डायमंड, गोल्ड, सिल्व्हर असे दर्जे देतं, तेवढं विचारून घ्या. गुडघ्यांसाठी तळमजल्याची खोली मागा. जुन्या घरांचे लाकडी जिने उभे असतात, फोटोत ते कळत नाही. गाव सपाट आहे, चालायला सोपं. मोठमोठे पर्जन्यवृक्ष रस्त्यावर छत धरून उभे आहेत, दुपारीही सावली मिळते. डासांचं मलम मात्र घरूनच न्या आणि संध्याकाळी पाचलाच लावा.

घरातल्या यजमानीणबाईंना चेची, रिक्षावाल्यांना आणि बोटवाल्यांना चेट्टा, म्हणजे दादा, म्हणा. हिंदी बहुतेकांना कळतं. तरी ‘चेट्टा’ म्हटलं की माणूस थांबून ऐकतो.

पाण्याचा रस्ता

परत जाण्यातली सगळ्यात मोठी नवी गोष्ट ही. २०२३ च्या एप्रिलमध्ये कोचीत वॉटर मेट्रो सुरू झाली आणि २०२४ पासून ती हायकोर्टच्या धक्क्यावरून फोर्ट कोचीला येते. २०२५ मध्ये मट्टनचेरीचं टर्मिनलही उघडलं. विजेवर चालणाऱ्या, शंभर माणसं घेणाऱ्या वातानुकूलित बोटी, कोचीच्याच जहाज कारखान्यात बांधलेल्या. तिकीट २० ते ४० रुपयांत. मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं तरंगतं फलाट. भरती असो की ओहोटी, फलाट पाण्याबरोबर वरखाली होतं, त्यामुळे त्याची आणि बोटीच्या दाराची पातळी एकच राहते. सासूबाई काठी न टेकता, कुणाचा हात न धरता आत गेल्या. गुडघ्यांचं दुखणं ज्यांनी घरात बघितलंय, त्यांना यातलं मोल सांगायला नको.

जुनी सरकारी बोटही सोडू नका. एर्नाकुलमच्या मुख्य जेट्टीवरून सुटते, तिकीट काही रुपयांत. उघड्या खिडक्या, इंजिनाची धडधड, शाळेची मुलं आणि मासळीच्या टोपल्या. मुलीचं ‘बोट’ इथे पूर्ण झालं. तिला काचेआडचं पाणी नको होतं, उडणारं हवं होतं. तिसरी फोर्ट कोची ते वायपीन ही गाड्या चढवणारी रो-रो. काही मिनिटांत पलीकडे. तिने जाऊन पुढे चेराईच्या किनाऱ्यावर एक दिवस घालवता येतो. पोहायची हौस तिथेच भागवा. फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर प्रवाह ओढतो आणि पावसाळ्यानंतर जलपर्णी येऊन साचते.

बोटीतून विलिंग्डन बेट दिसतं. ते मुलांना नक्की दाखवा. १९२० साली रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज इंजिनिअर इथे आला, बंदराच्या तोंडाशी आडवा पडलेला वाळूचा बांध त्याने खणून काढला, मोठी जहाजं आत येण्याची वाट मोकळी केली आणि निघालेल्या गाळाचं हे बेट उभं राहिलं. नाव मिळालं ते लॉर्ड विलिंग्डनचं, जो त्याआधी आपल्या मुंबई प्रांताचा गव्हर्नर होता. भरावावर वसलेल्या नवी मुंबईत वाढलेल्या पोरांना हे लगेच समजतं. माझ्या मुलाचा पहिला प्रश्न होता, ‘मग भरतीचं पाणी कुठे गेलं?’ आणि त्यावर बाप-लेकाची एर्नाकुलम येईपर्यंत चर्चा चालली होती. रोज लोकलने वाशीची खाडी ओलांडणाऱ्या आणि खाडीत कधीच न उतरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे शहर एक गोष्ट दाखवतं. पाणी मध्ये आलं म्हणून माणसांचं अडत नाही. तिथे लोक ऑफिसला बोटीने जातात, भाजी घेऊन बोटीने येतात. ठाण्याच्या खाडीतल्या जलवाहतुकीचं बोलणं आपण कधीपासून ऐकतोय. ते व्हावं असं मला मनापासून वाटतं.

चिनी जाळी, सकाळी

संध्याकाळी सगळे जातात, सूर्यास्ताचा फोटो काढतात आणि येतात. तुम्ही पहाटे उठा. सहाच्या सुमाराला किनाऱ्यावर पोचा, चहा घ्या आणि एकाच जाळीपाशी उभे राहा. इकडून तिकडे फिरत बसू नका.

सागाच्या वाशांचा आणि बांबूंचा तो उंच सांगाडा म्हणजे एक तराजूच. एका बाजूला पसरलेलं जाळं, दुसऱ्या बाजूला दोरांना टांगलेले मोठमोठे धोंडे. चार-सहा जणांचं काम. एक माणूस मधल्या तुळईवरून अनवाणी पुढे चालत जातो, त्याच्या वजनाने सांगाडा झुकतो आणि जाळं आवाज न करता पाण्यात बसतं. मग काही मिनिटं कुणी काही करत नाही. विडी पेटते, कुणीतरी पाण्याकडे बघून काहीतरी बोलतं. मग सगळे दोर धरतात, एका सुरात ओढतात, धोंडे एकेक करून खाली येत फळीवर टेकतात आणि जाळं ठिबकत वर येतं. कधी त्यात मूठभर चंदेरी मासळी, कधी नुसता पाला. ओढायला हाक मारतात, जरूर जा. हात लावला तर वर थोडे पैसे द्यायचे हे ठरलेलंच आहे, आनंदाने द्या. माझ्या मुलाने लहानपणी दोर नुसता धरला होता. या खेपेला तो खरंच ओढत होता आणि तिथले काका त्याला पाय कुठे रोवायचा ते खुणेने सांगत होते. ही जाळी चौदाव्या-पंधराव्या शतकात चिनी व्यापाऱ्यांबरोबर आली असं सांगतात. बाजूलाच सकाळची मासळी बोलीने विकली जाते. ती बघून मगच नाश्त्याला जा.

जवळच सेंट फ्रान्सिस चर्च. १५०३ साली पोर्तुगिजांनी इथे लाकडाचं चर्च उभारलं, पुढे दगडी झालं. वास्को द गामा १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीतच वारला, इथेच पुरला, नंतर त्याचे अवशेष लिस्बनला नेले. मुलांना शाळेतला १४९८ आठवतो, ती गोष्ट संपते कुठे ते इथे दिसतं. कठड्यामागची त्याच्या थडग्याची फरशी बघून मुलगी म्हणाली, ‘एवढुशीच?’ सासूबाईंचे पंखे जागेवर होते. बाकांच्या वर आडव्या दांडीला लावलेली कापडाची लांब झालर, तिचा दोर भिंतीतून बाहेर जातो. बाहेर बसून तो दोर ओढणारा माणूस आतली प्रार्थना कधी बघू शकत नसणार. हे सासूबाईंनी मागच्या वेळी मनात धरलं होतं, म्हणून त्यांना परत यायचं होतं. आम्हाला कुणाला ते सुचलं नव्हतं. घरातल्या प्रत्येकाला कारण विचारत जा. नुसती यादी करून थांबू नका.

मट्टनचेरीचा दिवस जपून निवडा

इथे वार महत्त्वाचा. राजवाड्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद, सिनेगॉग शनिवारी बंद आणि शुक्रवारीही भरवशाचं नाही. म्हणून रविवार ते गुरुवार यातलाच दिवस धरा, ज्यूंच्या सणांच्या तारखाही बघा.

शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा वार. तो बंद का, हे आपल्या मुलांना सांगायला सोपं आहे. रायगडच्या गावांतले बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू, तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेलीच म्हणत. ठाण्यात टेंभी नाक्याजवळचं १८७९ चं सिनेगॉग मी लहानपणापासून रस्त्यावरून बघत आले. कोचीतलं परदेशी सिनेगॉग १५६८ चं. पायातलं काढून आत जायचं, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. वर बेल्जियन काचेची झुंबरं. माझं लक्ष मात्र खाली. चीनमधून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या. एकीवर झाड, पूल, होडी. शेजारचीवर तेच झाड, पण फांदी जरा वाकडी, होडी जरा लांब. कारागिराचा हात कुठे थांबला, कुठे घाईत होता ते दिसतं. गर्दीबरोबर वर बघत पुढे सरकू नका. भिंतीकडेच्या बाकावर दहा मिनिटं बसा आणि चार फरश्या नीट बघा. या समाजाची बहुतेक माणसं १९४८ नंतर इस्रायलला गेली. फरश्या मात्र अजून रोज कुणीतरी पुसतं, म्हणून त्या तशा आहेत.

राजवाडा पोर्तुगिजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला, डचांनी दुरुस्त केला, म्हणून त्याला डच पॅलेस म्हणतात. आतली रामायणाची भित्तिचित्रं उजेड कमी असल्याने डोळे सरावल्यावरच कळतात, तेव्हा घाई नको. वर जायला जिना आहे. सासूबाई खाली अंगणात देवीच्या देवळापाशी थांबल्या, आणि त्यांना तेच बरं वाटलं.

आता जे पहिल्या खेपेला बहुतेकांचं राहतं ते सांगते. मट्टनचेरीजवळच चेर्लाई नावाचा भाग आहे. पोर्तुगिजांच्या काळात गोवा सोडून आलेली सारस्वत कुटुंबं इथे स्थिरावली, त्यांचं तिरुमल देवस्थान इथे आहे. देवळाच्या रस्त्यावर उभं राहिलं की कोकणी कानावर पडते. मल्याळी हेलाची आहे, तरी अर्धीअधिक समजते. सासूबाईंनी फुलवालीशी मालवणी वळणाने बोलायला सुरुवात केली आणि दोघींचं गावापर्यंत पोचलं. पुरुषांनी देवळात सदरा काढून जायचं, धोतर किंवा मुंडू नेसायचं, म्हणून एक पंचा पिशवीत ठेवा. त्याच भागात गुजराती रस्ता आणि जैन मंदिर आहे, तिथे शाकाहारी जेवण चांगलं मिळतं. उपासाची माणसं बरोबर असतील तर हे लक्षात ठेवा, फोर्ट कोचीत शाकाहाराची थोडी ओढाताण होते.

संध्याकाळी कथकली बघायची असेल तर खेळाच्या तासभर आधी जा. रंग लावताना बघू देतात, आणि मुलांना तोच भाग जास्त भिडतो. नट जमिनीवर उताणा निजतो, दुसरा माणूस तांदळाच्या पिठीचा लेप आणि पांढरा कागद लावून त्याच्या जबड्याभोवती कड उभी करतो. हिरवा चेहरा म्हणजे थोर नायक. शेवटी नट पापणीखाली एक बारीक बी ठेवतो आणि बघता बघता डोळे लाल होतात. मुलगी त्या क्षणी माझा दंड घट्ट धरून होती. प्रवाशांसाठीचा खेळ छोटा असतो, मूळचा रात्रभर चालतो. छोटाच पुरे, पुढच्या रांगेत बसा.

खाण्याचं

नवऱ्याचं करीमीन म्हणजे केरळचा राज्यमासा, बॅकवॉटरमधला. गोव्याकडे काळुंदर म्हणतात तोच. मसाला लावून केळीच्या पानात बांधून भाजलेलं मागा, त्याला पोळ्ळिचदु म्हणतात. काटे आहेत, मुलांना सोलून द्या. सकाळी आप्पम आणि पांढरं स्ट्यू, नाहीतर पुट्टू आणि काळ्या चण्यांची आमटी. खानावळीत बसल्याबरोबर कोमट गुलाबी पाणी समोर येतं, ते बघून मुलं बिचकतात. ते पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाच्या ढलप्या घालून उकळलेलं पाणी, निर्धास्त प्या. पोट सांभाळायला प्रवासात यासारखं नाही. भात जाड, तांबूस, उकड्या तांदळाचा. तळकोकणातल्या माणसाला परका वाटणार नाही, पण ज्यांना जड जातो त्यांनी पांढरा भात मागावा, मिळतो. खोबरेल तेलातलं जेवण दुसऱ्या दिवसापासून जिभेला लागतं. पहिल्या दिवशी मोठ्यांना दही-भात द्या.

नव्यासाठी ठेवलेला वेळ

आम्ही प्रत्येकाला एक अर्धा दिवस स्वतःचा दिला, आणि हा सल्ला मी सगळ्यांना देते. नवरा भल्या पहाटे हायकोर्टामागच्या मंगलवनमला गेला. शहराच्या मध्यात तिवरांचं छोटं जंगल, बगळ्यांनी भरलेलं. मुलगा मेट्रोने शेवटच्या स्टेशनापर्यंत, त्रिपुणित्तुराला गेला आणि तिथून हिल पॅलेस बघून आला. सोमवारी तो बंद असतो. मुलीने चेंदमंगलमच्या हातमागाच्या कापडाची चेकुट्टी बाहुली शोधून आणली. २०१८ च्या पुरात विणकरांचं तयार कापड चिखलात गेलं, तेच धुऊन, कापून या बाहुल्या केल्या गेल्या. अंगावरचे डाग तसेच ठेवतात. मेमध्ये जाणाऱ्यांनी कुंबळंगी गावात रात्री जावं. उन्हाळ्यात तिथलं खारं पाणी हात फिरवला की निळं चमकतं. सासूबाईंचा अर्धा दिवस व्हरांड्यातल्या खुर्चीत गेला, यजमान चेचीबरोबर नारळ खवताना. त्यांना तेवढंच हवं होतं.

परतीची खरेदी

मसाले मट्टनचेरीत सिनेगॉगजवळच्या ज्यू टाऊनमधल्या सजवलेल्या दुकानांपेक्षा एर्नाकुलमच्या ब्रॉडवे बाजारात घ्या. मिरी हातात घेऊन बघा, जड आणि काळीभोर हवी. केळ्याचे वेफर्स डोळ्यांसमोर खोबरेल तेलात तळलेले, गार झाल्यावरच बांधून घ्या, नाहीतर गाडीत सादळतात. आणि कुडमपुळी नक्की आणा. आपल्या कोकमाच्याच कुळातलं फळ, धुरावर वाळवून काळं केलेलं. घट्ट झाकणाच्या बरणीत बरेच महिने टिकतं. माशाच्या कालवणाला दोन पाकळ्या आधी कोमट पाण्यात भिजवायच्या आणि पाण्यासकट घालायच्या. आमसुलापेक्षा आंबटपणा हळू उतरतो, म्हणून कालवण मातीच्या भांड्यात करून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी वाढा. बांगड्याला सगळ्यात छान लागतं. सुरमईला घालायची असेल तर एकच पाकळी पुरते.